आबांचं शुद्ध मराठी

सीमाला राग येत नाही, असं शाळेत सगळे म्हणत. राग तिला यायचा. तो दाखवायला सवड नसायची, कारण आबांचं पुढचं भाषण नेहमी तोंडावर आलेलं असायचं.

आबा म्हणजे इंद्रसिंग आबा, शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. म्हसावदच्या अलीकडे पपईच्या बागांतून रस्ता आत वळतो, तिथे त्यांचं गाव. गावात त्यांची शाळा, आणि शाळेच्या ऑफिसात खिडकीशेजारी सीमाचं टेबल. अठरा वर्षं ती त्या टेबलाशी बसली. कागदोपत्री ती टायपिस्ट. प्रत्यक्षात ती आबांची जीभ होती, आणि ही गोष्ट शाळेत आबा सोडून सगळ्यांना ठाऊक होती.

आबा यायचे, खुर्चीत रेलायचे, सुपारी गालात सारायचे आणि अहिराणीत सुटायचे. "लिख. पोरेसले सांगनं शे का शिकी घ्या, नहीते जनमभर पपया तोडत बसशात. तो गणितना मास्तर रोज उशिरे येस, त्याले बी एक टोला ठेव. आनी मन्हाबद्दल जराखं चांगलं लिख." एवढं बोलून आबा चहाला निघून जात. मग सीमा तो टोला गाळायची, बढाई ठेचून निम्मी करायची आणि उरलेल्या चार वाक्यांचं दोन पानी देखणं मराठी भाषण उभं करायची. आबा ते मोठ्या अक्षरात छापून घेत आणि स्टेजवर वाचत. शहाद्यापर्यंत बोलबाला होता की मराठी ऐकावं तर इंद्रसिंग आबांचं.

आणि नम्रता पाहावी तीही आबांचीच, असंही लोक म्हणत. ती नम्रतासुद्धा सीमाच्या टेबलावरची. शाळेची जमीन आबांची नव्हे. ती त्यांच्या थोरल्या भावाने, जालमसिंगने, स्वतःच्या वाट्याची दिली होती. शाळेच्या मान्यतेसाठी मुंबईच्या खेपा घातल्या त्याही त्यानेच, आणि त्या धावपळीतच तो आजारी पडून गेला. आबांच्या बोलण्यात भावाचं नाव कधी यायचं नाही. मुद्दाम टाळत असतील असंही नाही. भाऊ गेला, खुर्ची मिळाली, विषय संपला. पण सीमा प्रत्येक भाषणात एक वाक्य आपल्या मनाने घालायची: ‘हे सारे माझ्या थोरल्या बंधूंचे आहे, मी फक्त राखणदार.’ समोर लिहिलंय म्हणून आबा ते वाचत, आणि बायाबापड्या डोळ्याला पदर लावत. टाळ्या पडू लागल्या तसे आबांनाही वाटायला लागलं, की आपण मोठे नम्र आहोत.

अशी घडी नीट बसलेली असताना ममताने ती मोडली. ममता आबांची सून, नंदुरबारची, कामाला चटपटीत. तिने ऑफिसातल्या कॉम्प्युटरला एक माईक जोडला आणि आबांना म्हणाली, "आबा, आता टाईप करायची गरज नाही. तुम्ही फक्त बोला. तो लिहितो, खोडतो, तुम्ही सांगाल ते बदलतो. दोन शब्द दिले तर पुढचं अख्खं भाषण स्वतः तयार करतो."

आबांनी घसा साफ केला आणि शाळेत पाहुण्यांशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "स्वातंत्र्य दिन. भाषण." पडद्यावर सरसर ओळी उमटल्या. आबा लहान पोरासारखे हसले.

त्याच आठवड्यात शिक्षकांची बैठक झाली, आणि तिथे आबांनी सीमाचं काम संपल्याचं जाहीर केलं. ती संस्थेच्या मर्जीवरची नोकर, कुठल्या सरकारी यादीत नाव नाही. त्यामुळे जाहीर करणं एवढंच पुरे होतं. ते कसं करावं, याला मात्र काही रीत असते. आबांनी हसत हसत सांगितलं, "शब्द ते मन्हाच व्हतात. हाई बाई नुसती बोटं चालाडे. आते बोटेसनं काम सरनं." शिक्षक हसले. ज्यांच्या रजेच्या अर्जापासून निरोपसमारंभाच्या कवितांपर्यंत सगळं सीमाने लिहून दिलं होतं, तेही हसले. सीमाने टेबलाचा ड्रॉवर रिकामा केला, स्टीलचा डबा पिशवीत घातला आणि ती घरी आली.

नवरा नवनीत समजूतदार माणूस. "जाऊ दे वं," तो म्हणाला, "शहादामा धा दुकानं शेतस, कोठे बी काम भेटी." सीमाने मान हलवली. कामाचं तिला काही नव्हतंच. तिला नोकरी परत नको होती, माफी नको होती. तिला एकच गोष्ट बघायची होती. हा माणूस एकदा भरल्या सभेत उभा राहावा, त्याला बोलायला एक शब्द सापडू नये, आणि तेव्हा आपण समोर असावं. भाकरी थापताना ती हेच मनात घोळवायची, कपडे वाळत घालताना हेच. कधी कधी तिला आपलीच भीती वाटायची, इतका तो विचार गोड लागायचा.

संधी आपल्या पायाने चालत आली. आबांचा अमृतमहोत्सव ठरला. शाळेच्या मैदानावर मंडप, पाहुणे, गावजेवण आणि शेवटी सत्काराला उत्तर म्हणून आबांचं भाषण. सगळं ठरलं, आणि भाषणापाशी गाडं अडलं. मशीनला मराठी येत होतं. आबांना येत नव्हतं. वाचायला दिलं तर ते झकास वाचत, पण मनातलं सांगायला लागले की तिसऱ्या शब्दाला अहिराणीत उतरत. मशीन बिचारं काहीबाही लिहायचं, आबा त्याला शिव्या घालायचे, आणि ते त्या शिव्याही इमानदारीत लिहून घ्यायचं. शेवटी ममताने फोन केला. "सीमाताई, दोन दिवस या ना. आबांना याच्याशी बोलायची सवय लावून द्या. तुमचंच ऐकतात ते."

"येते," सीमा म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने हात धुतले आणि आरशात बघून केस नीट केले.

आबांना काही ओशाळल्यासारखं वाटलं असेल, तर ते त्यांनी सुपारीबरोबर चघळून टाकलं. "ये. बैस. या यंत्रले जरा वळन लाव."

सीमाने वळण लावलं. कुठलंही काम वाईट करायचं तिच्या हाताला माहीतच नव्हतं. तिने आबांना चार-पाच मराठी शब्द असे पाठ करून दिले, की ते मशीनलाही कळावेत आणि आबांच्याही जिभेवर बसावेत. नवीन परिच्छेद पाहिजे तर ‘पुढे चल’. आवडलं नाही तर ‘मागचं खोड’. ऐकायचं असेल तर ‘वाचून दाखव’. आबा प्रत्येक हुकूम देऊन बघत आणि मशीनने ऐकलं की सीमाकडे विजयाने पाहत. घरात सून ऐकत नव्हती, शाळेत मुख्याध्यापक निम्मं ऐकत होते. इथे मात्र तोंडातून शब्द निघायचा अवकाश, काम झालेलं असायचं.

हात कामात होते, पण डोकं दुसरीकडे होतं. काय करावं? आदल्या दिवशी भाषण पुसून टाकावं? आबा दोन शब्द बोलतील, मशीन दुसरं करून देईल. मधेच एखादं वाकडं वाक्य घुसडावं? ते सीमाच्या नावावर येईल, आणि आबा गावभर रडतील की बाईने दगा दिला. नाही. जे व्हायचं ते आबांच्याच तोंडाने व्हायला हवं होतं, आणि सीमाचे हात धुतल्यासारखे स्वच्छ राहायला हवे होते.

मग तिने त्यांना एक शेवटचा हुकूम शिकवला. "आबा, कमी वाटनं ते एकच शब्द सांगानं. ‘वाढव’."

आबांनी मशीनला आपलं आयुष्य सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, शब्द टाकले. "इंद्रसिंग. अध्यक्ष. शाळा. जमीन दिली. मान्यता. समाजसेवा." मशीनने एक बरा परिच्छेद दिला. आबा म्हणाले, "वाढव." आयुष्य वाढलं. आबा म्हणाले, "वाढव." आणखी वाढलं. मशीनला जालमसिंग नावाचा माणूस ठाऊक नव्हता. त्याच्यासमोर एकच माणूस उभा केला होता, तेव्हा गावात जे जे झालं ते त्याने त्या एकाच माणसाच्या पदरात घातलं. तिसऱ्या-चौथ्या ‘वाढव’ला पडद्यावर उमटलं: ‘माझ्या वाट्याची वडिलोपार्जित जमीन मी हसतमुखाने या ज्ञानमंदिरास अर्पण केली. मान्यतेसाठी मी अनवाणी पायांनी मुंबईच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले.’

सीमाने ते वाचलं आणि सवयीने तिची बोटं शिवशिवली. याच जागी भावाचं वाक्य यायचं. एक हुकूम दिला असता तर मशीनने तिथल्या तिथे घातलं असतं. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते तिथेच राहू दिले.

"वाचून दाखव," आबांनी फर्मावलं. मशीनने गोड बाईच्या आवाजात वाचलं. अनवाणी पायांपाशी आबांचे डोळे भरून आले. "दख सीमा, कितलं चांगलं लिखं! याले बठं माहीत शे. मी इतलं सांगंच नव्हतं."

"नही ना," सीमा म्हणाली.

आबा खोटं बोलत होते का? इथे जरा थांबून आबांशी न्यायाने वागलं पाहिजे, त्यांची तेवढी लायकी नसली तरी. या मुलखात माणूस भांडतो अहिराणीत, लाड करतो अहिराणीत, मेल्यावर त्याच्यासाठी रडणंही अहिराणीत. मराठी म्हणजे शाळा, कचेरी, शिक्का मारलेला कागद. शुद्ध मराठीत जे येतं ते वरून आलेलं असतं. ते खरं की खोटं, हा प्रश्नच कुणी विचारत नाही. सातबारा खोटा आहे असं कुणी म्हणतं का? आबांना ते भाषण तसंच वाटलं. मशीनने लिहिलं, मराठीत लिहिलं, म्हणजे कुठेतरी तशी नोंद असणार. दोन दिवसांत त्यांना आपले पाय मुंबईच्या डांबरावर भाजल्याचं आठवायलासुद्धा लागलं.

पण हीच गोष्ट सीमाच्या मुळावर आली. ती घरी गेली आणि तिने मनातल्या मनात ती सभा उभी करून पाहिली. आबा मराठीत वाचतील. लोक लग्नातला बँड ऐकतात तसं ऐकतील. अर्पण, ज्ञानमंदिर, उंबरठे. कानावरून जाईल, टाळ्या पडतील, गावजेवणातली वरण-बट्टी खाऊन घरी जातील. समोर प्रत्यक्ष जालमसिंगची बायको, शोभाबाई काकू, बसलेली असेल, आणि तीही नेहमीसारखी मांडीवर कापूस घेऊन वाती वळत राहील. अशा भाषणाला कुणी उलट बोलत नाही, कारण ते आपल्याशी बोललंय असं कुणाला वाटतच नाही. एवढं सगळं करून आबा त्यातूनही सहीसलामत सुटणार. त्या रागाने तिला जेवण गेलं नाही.

आणि मग तिला कळलं काय करायचं ते. इतकं सोपं होतं, की तिला हसू फुटलं. नवनीतने विचारलं काय झालं, तर ती म्हणाली काही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सहज म्हणावं तसं म्हटलं, "आबा, भाषन भलतं गोड व्हयनं. पन पाहुणा काय, उनात आनी गयात. गावना मानसेसले कितलं समजी? तुम्हीन आपली बोलीमा बोलनात, ते लोके डोकावर लिसन नाचतीन."

आबांना हे पटायला वेळ लागला नाही. खापर गावाकडच्या कुठल्याशा पुढाऱ्याने अलीकडे सभेत अहिराणी झोडून टाळ्या घेतल्याचं त्यांच्या कानावर होतं, आणि ते त्यांना सलतही होतं. ते माईककडे वळले. "अहिराणीत कर."

मशीनने केलं. पण ती अहिराणी अशी, की पुण्याचा जावई सासरवाडीला आल्यावर हौसेने बोलतो तशी. एक शब्द इथला, एक गुजरातीतला, उरलेलं मराठीच. आबांनी कपाळावर हात मारला. "हाई कोनी बोली शे? सीमा, तू कर."

सीमाने माईक आपल्याकडे ओढला. ती एकेक शब्द सुटा करून सावकाश बोलत गेली आणि मशीन जसंच्या तसं उतरवत गेलं. जिथे मराठी वळण घ्यायला बघेल तिथे ती ‘मागचं खोड’ म्हणायची आणि पुन्हा सांगायची. मराठीतलं एकेक वाक्य घ्यायचं आणि घरच्या बोलीत ठेवायचं. तिने काही घातलं नाही, काही गाळलं नाही. अठरा वर्षांत आबांचं एवढं प्रामाणिक काम तिने कधीच केलं नव्हतं. ‘अर्पण केली’चं तिने ‘दी टाकं’ केलं, कारण अहिराणीत जमीन अर्पण होत नाही, ती देऊन टाकावी लागते. ‘ज्ञानमंदिरा’ची शाळा झाली. धुक्यासारखे ते मोठे मोठे शब्द उडून गेले आणि खाली जे उघडं उरलं, ते बघून तिच्या अंगावर काटा आला. सुखाने आला.

पूर्ण झाल्यावर तिने ते आबांना स्वतः वाचून दाखवलं. एवढी संधी तिने त्यांना दिली. का दिली ते तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित नंतर मनाला टोचणी नको म्हणून. "मन्हा वाटानं वावर मी हासत हासत शाळाले दी टाकं."

आबांची सुपारी थांबली. "थांब. वावर मी दी टाकं... असं शे का तठे?"

"मशीननी जे लिखं तेच शे, आबा." तिने मराठी ओळ वाचली. अर्पण, हसतमुखाने, ज्ञानमंदिर.

आबांचा चेहरा मोकळा झाला. "हां. मंग बराबर शे. मशीन कसाले खोटं लिखी?" आणि सुपारी पुन्हा सुरू झाली.

त्यानंतर सीमाने स्वतःच्या मनाला काही विचारलं नाही.

सोहळ्याच्या दिवशी सकाळपासून मैदानावर बट्ट्या भाजल्याचा वास होता. मंडप भरला. शहाद्याहून पाहुणे आले, त्यांची भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर शोभाबाई काकू, मांडीवर कापसाचा पुंजका. घरातली थोरली म्हणून आबांनी तिला नवं लुगडं पाठवलं होतं आणि पुढची जागा दिली होती. ती वाती वळत होती. तिच्या मागच्या रांगेत सीमा. मुद्दाम अशा जागी, की स्टेजवरून दिसावी.

आबा उठले. हातात मोठ्या अक्षरातले कागद. "मन्ही मायबहिनीसवन आनी भाऊसवन," त्यांनी सुरुवात केली, आणि मंडपातून एक आनंदाची लाट गेली. आबा अहिराणीत! मागचे पुढे सरकले. गप्पा मारणाऱ्या बाया गप्प झाल्या. भाषण ऐकायचं नसतं ही जी त्यांची सवय, ती एका क्षणात मोडली. आपल्याशी कुणीतरी बोलतंय म्हटल्यावर माणूस ऐकतोच. शोभाबाईनेही मान वर केली.

लहानपणच्या आठवणी झाल्या. लोक हसले, टाळ्या वाजल्या. आबांना चेव आला. त्यांनी पान उलटलं आणि छाती काढून खणखणीत आवाजात वाचलं, "मन्हा वाटानं वावर मी हासत हासत शाळाले दी टाकं. मान्यताकरता मी अनवानी मुंबईले चकरा मारात."

टाळ्यांसाठी आबा थांबले. टाळ्या आल्या नाहीत. मागे कुणीतरी खुसकन हसलं. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. सीमाने शोभाबाईच्या हाताकडे पाहिलं. वात अर्धवट वळलेली तशीच राहिली होती.

शोभाबाई उठली नाही, ओरडली नाही. ओसरीवर बसल्या बसल्या अंगणातल्या माणसाला विचारावं, तसं तिने विचारलं, "इंदरभाऊ, कोनतं वावर?"

मराठी भाषण असतं तर आबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं आणि पुढचं वाक्य वाचलं असतं. भाषणाच्या मधे कुणी बोलत नसतं आणि बोललं तर कुणी उत्तर देत नसतं. पण हे भाषण राहिलंच नव्हतं. हे घर होतं. आणि घरात, भाऊ शेतात असताना ज्या भावजयीने वाढलेलं खाऊन आबा मोठे झाले, तिने काही विचारलं तर उत्तर द्यायचं असतं, हे त्यांच्या जिभेला त्यांच्या आधी ठाऊक होतं.

"भाऊनं, भाभी," आबा म्हणाले. माईक चालू होता. मंडपाच्या पार टोकापर्यंत गेलं.

"मंग तू कधय दिधं?"

"मी नही दिधं."

"मुंबईले कोन जाये?"

"भाऊ जाये."

"हां," शोभाबाई म्हणाली. "मंग तसं वाच."

आता कुणी हसत नव्हतं. आबांनी कागदाकडे पाहिलं. तसं तिथे नव्हतं. त्यांनी पान उलटलं, तिथेही नव्हतं. पुढचं पान, मागचं पान. सगळीकडे मी होतो, मी केलं, मी दिलं. ममता स्टेजच्या कडेने पुढे आली आणि कुजबुजली, "आबा, मराठीत घ्या, मराठीत." आबांनी मान ताठ केली. "तर मित्रहो," ते म्हणाले. "तर... या प्रसंगी... मित्रहो..." पुढे काही आलं नाही. यायला आत काही असावं लागतं. पाहुणे खाली बघू लागले. आबांच्या कपाळावरून घाम ओघळून नव्या शालीवर पडला.

सीमाला हे सगळं दिसत होतं, आणि एकेक थेंब तिला दिसावा असंच तिला वाटत होतं. किती दिवस तिने हे मनात पाहिलं होतं! मनातल्यापेक्षा प्रत्यक्षात ते जास्त हळू होत होतं आणि जास्त चांगलं. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

आबांची नजर रांगांवरून भिरभिरत आली आणि तिच्यावर थांबली. ते माईक विसरले, मंडप विसरले. ऑफिसात विचारावं तसं त्यांनी विचारलं, "सीमा... आते काय बोलू?"

सगळा मंडप वळला. शिक्षक वळले, मुख्याध्यापक वळले, आणि ज्यांना आजवर नुसता संशय होता त्यांनाही कळलं, की शहाद्यापर्यंत गाजलेलं ते मराठी कुणाचं होतं. सीमा जागेवर बसून होती. वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. ती ते झोपेतसुद्धा सांगू शकली असती. हे सारे माझ्या थोरल्या बंधूंचे आहे. एवढंच म्हटलं असतं तरी आबा ते उचलून बोलले असते, शोभाबाईने पदर डोळ्याला लावला असता, आणि हा माणूस स्टेजवर चढला होता त्यापेक्षा मोठा होऊन खाली उतरला असता.

शोभाबाई खुर्चीत मागे वळली. तिचा राग तेवढ्यात ओसरलाही होता. दीर कसाही असला तरी तिच्या हाताखाली वाढलेला. "सांग ना वं पोरी त्याले काही," ती हळू म्हणाली. "उभा शे बिचारा."

सीमाने तिच्याकडे पाहिलं, मग स्टेजकडे. आबा तोंड अर्धवट उघडं ठेवून वाट बघत होते. तिने ओठ मिटले, हाताची घडी घातली आणि त्यांच्या डोळ्याला डोळा लावून ती बसून राहिली.